बॅटरी नवी, तरी गाडी उठेना

घोडेगावहून, नेवासा तालुक्यातून तुमच्याशी बोलतेय. गटांची समन्वयक म्हणून माझं बोलणं एरवी बचत, हप्ते आणि पापडाच्या ऑर्डरी यांच्याभोवतीच फिरतं. आज विषय वेगळा आहे. गाडीची बॅटरी. ‘हा बाप्यांचा विषय’ म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण बॅटरीचे पैसे आता आपल्या गटाच्या खात्यातून जायला लागलेत.

हल्ली बऱ्याच गटांकडे गाड्या आल्यात. कुणाकडे छोटा टेंपो, कुणाकडे जुनी व्हॅन. गटाची नसली तरी दारात एखादी सेकंडहँड चारचाकी असते, ट्रॅक्टर असतो. आणि बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते. “बॅटरी नवी टाकली, तरी गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही.” मग चौघांना हाका मारून धक्का मारायचा. नाहीतर शेजारच्या गाडीला वायरी जोडून चालू करायची. आणि वर्षाच्या आत पुन्हा दुसरी बॅटरी.

आता मला सांगा, गटाच्या पेटीत पैसे कमी भरले तर आपण काय करतो? नवी पेटी आणतो का? नाही. वही काढतो. जमा किती झाले, खर्च किती झाला, कुणी उचल घेतली आणि लिहायची राहिली, ते बघतो. बॅटरीचं अगदी तसंच आहे. ती वीज तयार करत नाही, जमा करून ठेवते. उतरली म्हणजे एकतर पेटीच जुनी होऊन फाटलीय, किंवा जमा होत नाहीये, किंवा कुणीतरी गुपचूप काढून घेतंय. तिन्हींचा इलाज वेगळा. आणि नवी बॅटरी टाकणं हा त्यातल्या फक्त पहिल्याचा इलाज आहे.

बॅटरी आतून कशी असते ते थोडक्यात सांगते. काळ्या डब्यात सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या पट्ट्या, आणि त्या पाणी घातलेल्या गंधकाच्या आम्लात बुडालेल्या. एक खण साधारण २.१ व्होल्ट देतो, सहा मिळून १२.६. ही युक्ती १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी काढली आणि अजून तीच चालू आहे. आपल्या नगरच्या एमआयडीसीतसुद्धा एक्साइडचा बॅटरीचा कारखाना आहे, तेव्हा हे काही फार लांबचं शास्त्र नाही.

बॅटरीवर ‘३५ एएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-अवर. नळाचा हिशेब डोळ्यांपुढे आणा. अँपिअर म्हणजे धार किती जाड आहे ते. ३५ एएच म्हणजे एक अँपिअरची धार ३५ तास पुरेल. अर्धा अँपिअर असेल तर ७० तास. हा भागाकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकते. ‘सेल्फ मारल्यानं बॅटरी संपते’ असं म्हणतात. सेल्फ मारताना धार फार जाड असते, शंभर-दीडशे अँपिअरची, हे खरं. पण ती असते दोन-तीन सेकंद. हिशेब केला तर एका सेल्फला एएचचा सातवा-आठवा हिस्सासुद्धा जात नाही, आणि इंजिन चालू झाल्यावर काही मिनिटांत तेवढं भरून निघतं. बॅटरी रिकामी करते ती मोठी धार नाही. रात्रंदिवस ठिपकणारा नळ करतो.

पण आधी बाकीची दोन कारणं तपासायची, कारण ती सोपी आहेत.

बॅटरीचं वय बघा. वॉरंटी कार्डावर तारीख असते. गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. आपल्याकडचा उन्हाळा तिला फार सोसत नाही. उष्णतेनं आतल्या पट्ट्या लवकर झिजतात, पाणी उडतं. लोक म्हणतात थंडीत बॅटरी मरते. खरं तर ती मे महिन्यातच मरायला लागलेली असते, डिसेंबरात पहाटे कळतं एवढंच. पाणी घालायची बॅटरी असेल तर झाकणं उघडून पातळी बघा, आणि घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. बोअरचं, आडाचं पाणी घालू नका. त्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला किती पांढरा थर धरतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग टर्मिनल बघा, म्हणजे वायर जिथे आवळलेली असते ती दोन बोंडं. तिथे पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते ना, तिच्यामुळे वीज धड आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही. आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. जोडताना उलट क्रम, प्लस आधी, मायनस शेवटी. कितीतरी ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यानंच उठतात.

जमेची बाजू तपासायला मल्टिमीटर लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक गटानं एक घ्यावा असं माझं मत आहे. मोटारीच्या स्टार्टरपासून घरातल्या मिक्सरपर्यंत तो उपयोगी पडतो. मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा, लाल सुई प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल आणि बॅटरी चांगली असेल तर सकाळी १२.६ च्या आसपास दिसलं पाहिजे. १२.२ म्हणजे निम्मीच उरलीय. १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे अजून डायनामोच म्हणतात, तो बॅटरी नीट भरतोय. आकडा १२ च्या घरातच राहिला तर तो भरत नाहीये. पट्टा सैल असेल, कार्बन झिजले असतील. पंधराच्या वर गेला तर उलटा त्रास, तो जास्त भरतोय आणि बॅटरीतलं पाणी उकळून उडवतोय. ही दोन्ही कामं वायरमनची. पण दुखणं काय आहे हे सांगत तुम्ही त्याच्याकडे जाल, नुसतं ‘गाडी चालू होत नाही’ म्हणत नाही.

आता तिसरं कारण. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

आमच्या भागातल्या एका गटाचं सांगते. गटाचं नाव घेत नाही, त्या तायांनी तसं सांगितलंय. पापड, कुरडया, मसाले यांचा त्यांचा धंदा. बँकेचं कर्ज काढून जुनी व्हॅन घेतली. आठवडे बाजार करायचे आणि शनिवारी, अमावास्येला शिंगणापूरच्या रस्त्याला गाडी लावायची. गटातल्याच एका ताईंनी लायसन काढलं, गाडी त्याच चालवायच्या, उभीही त्यांच्याच दारात असायची. पहिली काही महिने सगळं सुरळीत. मग बॅटरी उतरायला लागली. गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका. टाकली. सात-आठ महिन्यांत तीही तशीच. पुन्हा नवी. एका वर्षात दोन बॅटऱ्या, प्रत्येकी चार-साडेचार हजार. पापडाच्या धंद्यात नऊ हजार रुपये नफा म्हणजे किती लाट्या, हिशेब करून बघा.

पैशापेक्षा वाईट होतं ते बोलणं. “बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार.” “रात्री लाइट चालू ठेवत असेल.” त्यातच एका रात्री गल्लीतल्या सुनेला कळा सुरू झाल्या. सगळे धावत व्हॅनकडे आले तर चावी फिरवली की नुसतं टक टक टक. १०८ ला फोन केला, गाडी आली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा. पुढच्या बैठकीत ठरावच आला, की गाडी एखाद्या पुरुष ड्रायव्हरला भाड्यानं देऊन टाकावी.

गटाच्या सचिव म्हणाल्या, ठराव महिनाभर थांबवा, आधी वही घाला. हे मला फार आवडलं. एक साधी शंभर पानी वही गाडीत ठेवली. गाडी कधी उभी केली, कधी चालू केली, सेल्फ कसा घेतला. आणि रोज संध्याकाळी शेजारच्या दुसऱ्या सदस्य येऊन बघायच्या, दिवे बंद आहेत, दारं लागलीत, आणि वहीत सही करायच्या. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. एक रात्र उभी, तर गाडी चालू. दोन रात्री, तर रडतखडत. तीन रात्री, तर टक टक. सह्या सगळ्या जागेवर. म्हणजे दिवे चालू राहत नव्हते, दारही उघडं राहत नव्हतं. तरी कुणीतरी करंट खात होतं, आणि ठरलेल्या मापानं खात होतं.

तपासलं ते गटातल्याच एका ताईंच्या मुलीनं. ती आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतेय. तिनं कसं केलं ते मी बारकाईनं सांगते, पण त्याआधी चार गोष्टी, आणि या चार गोष्टी ऐकल्याशिवाय बॉनेट उघडू नका.

हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र लांब असेल तर पोलक्याच्या आत घाला, पदर खोचा. बॅटरीच्या प्लसला आणि गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी धातू लागला तर तो क्षणात लालबुंद होतो, हाताचं कातडं घेऊनच निघतो. पाना धरतानाही हेच भान ठेवा, म्हणूनच मायनस आधी काढायची असते. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीनं पेट घेतो, तेव्हा आत वाकून बघायला काडी ओढायची नाही, जवळ कुणी विडी ओढत उभं असेल तर लांब पाठवा. आणि आम्ल अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पाण्याची धार धरून ठेवा आणि दवाखाना गाठा.

आता तपासणी. चावी काढली. दिवे, पंखा, टेप सगळं बंद. दारं लावली. नव्या गाड्यांमध्ये छोटे संगणक असतात, चावी काढल्यावर त्यांना झोपी जायला दहा मिनिटांपासून अर्धा तास लागतो, तेवढं थांबावं लागतं. जुन्या व्हॅनला तशी गरज फारशी नाही, पण ती थांबली. मग मीटरची लाल वायर ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात घातली आणि खटका डीसी अँपिअरच्या १० वर आणला. हे नीट करा. घाईत वायर चुकीच्या भोकात राहिली की मीटरचा फ्यूज जातो. मग दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस वायर सोडवली. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस बोंडाला, दुसरी सुटलेल्या वायरला. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट आता मीटरमधून जातो. जणू सोसायटीच्या दारात हिशेबनीस बसवला, येणारा-जाणारा प्रत्येक पैसा त्याच्यासमोरून. मीटर असा जोडलेला असताना चावी लावायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. दहा अँपिअरचं मीटर दीडशे अँपिअरपुढे जळून जाईल.

बंद गाडीसुद्धा थोडा करंट घेते. घड्याळ चालवायला, टेपच्या आठवणीत स्टेशनं ठेवायला. ०.०२ ते ०.०५ अँपिअर हे चालतं. ०.०५ नं दिवसाला १.२ एएच जातात, म्हणजे ३५ एएचची बॅटरी निम्मी व्हायला पंधरवडा लागतो. मीटरवर काय दिसलं? ०.४८. जवळजवळ दसपट.

आता मघाचा भागाकार काढा. ०.४८ ला २४ तासांनी गुणलं की दिवसाला साडेअकरा एएच. दोन दिवसांत २३, तीन दिवसांत साडेचौतीस. आणि बॅटरी किती एएचची? ३५. वहीनं तीन आठवडे जे सांगितलं तेच मीटरनं एका मिनिटात सांगितलं. त्या मुलीनं हा गुणाकार वहीच्याच शेवटच्या पानावर करून दाखवला, तेव्हा बैठकीतला निम्मा वाद तिथेच संपला.

पण खातंय कोण? गाडीत फ्यूजचा डबा असतो, स्टिअरिंगच्या खाली. हेडलाइटचा फ्यूज वेगळा, हॉर्नचा वेगळा, आतल्या दिव्याचा वेगळा. झाकणावर चित्र असतं. एकानं मीटरकडे बघायचं, दुसऱ्यानं एकेक फ्यूज काढायचा. आकडा धाडकन खाली आला की चोर त्याच घरात. काढलेला फ्यूज लगेच परत त्याच जागी घालायचा, म्हणजे घोटाळा होत नाही. इथे टेपचा फ्यूज काढला तेव्हा ०.४८ चे ०.४६ झाले. हा गाडीचा नेहमीचा खर्च. बाकीचे सगळे काढून बघितले, आकडा हलेना. शेवटी सगळेच्या सगळे फ्यूज काढून ठेवले, तरी ०.४६ तसाच.

बरेच जण इथे हात टेकतात आणि ‘आतमध्ये कुठेतरी लीक आहे’ म्हणून मोकळे होतात. पण यातूनच खरी गोष्ट कळते. करंट फ्यूजच्या डब्यातून जातच नाहीये, थेट बॅटरीपासून जातोय. असे रस्ते गाडीत फार नसतात. एक म्हणजे अल्टरनेटरची जाड वायर. त्याच्या आत डायोड असतात, ते वीज बॅटरीकडे जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत, कोंबड्यांच्या खुराड्याच्या एकाच बाजूला उघडणाऱ्या दारासारखे. डायोड बिघडला की इंजिन बंद असताना वीज उलटी निघून जाते. दुसरा रस्ता म्हणजे गाडी घेतल्यानंतर कुणीतरी नंतर जोडलेल्या वायरी.

मुलीनं प्लसच्या बोंडाकडे बघितलं. जाड वायरीखाली एक पातळ लाल वायर आवळलेली होती. वर टेप गुंडाळलेली, पत्र्याच्या कडेनं मागच्या सीटखाली गेलेली. सीट उचलली तर खाली भोंग्याचा अँप्लिफायर. बाजारात “पापड घ्या, कुरडई घ्या” अशी रेकॉर्ड लावायला बसवलेला. आवाजाचं बटण शून्यावर आणलं की तो बंद झाला असं सगळ्यांना वाटायचं. वाटणारच, आवाज येत नव्हता. पण त्याचा पॉवरचा छोटा लाल दिवा सीटखाली रात्रंदिवस जळत होता. ज्यानं बसवला त्यानं वायर चावीवर न घेता थेट बॅटरीला जोडली होती. ती पातळ वायर सोडवली. फ्यूज सगळे परत बसवले. मीटरवर ०.०२.

मग सचिव ताईंनी व्हाउचरची फाइल काढली. अँप्लिफायरचं बिल, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतलं पहिल्या बॅटरीचं बिल. एकाखाली एक लावलेली. फाइल पहिल्या दिवसापासून कपाटात होती.

दुरुस्तीला किती लागलं? वायरमननं भोंग्याची वायर एका छोट्या रिलेमधून चावीच्या लाइनवर घेतली, मध्ये फ्यूज घातला. सामान आणि मजुरी धरून तीनशे रुपयांच्या आत. आता चावी काढली की भोंगाही बंद. गाडी चालवणाऱ्या ताईंच्या हातातच आहे, ठराव मागे घेतला. कुणी माफी वगैरे मागितली नाही. तुम्हाला माहितीच आहे ते.

भोंगाच असतो असं नाही. मी ऐकलेली आणि बघितलेली कारणं सांगते. डिकीतला दिवा झाकण लावल्यावरही जळत राहतो, कारण बटण दबत नाही. झाकण लावल्यावर आत कुणी बघत नाही, म्हणून लक्षात येत नाही. डिकीत मोबाइलचा व्हिडिओ चालू करून ठेवा आणि झाकण लावा, लगेच कळेल. पाच वॉटचा एवढासा बल्ब, पण दिवसाला दहा एएच खातो. डॅशबोर्डवरच्या देवाच्या फोटोभोवतीची लाइटची माळ. थेट जोडलेला मोबाइल चार्जर. टेपवाल्यानं उलटसुलट जोडलेल्या वायरी. कर्जाच्या गाडीला फायनान्सवाल्यांनी बसवलेला जीपीएस, हा थोडंच खातो, पण गाडी महिनाभर उभी राहिली तर तेवढंही पुरतं. तो आपल्या मनानं काढायचा मात्र नाही, करारात काय लिहिलंय ते बघा. चिकटून बसलेला रिले हेही एक कारण. गाडी तासभर बंद असताना रिलेच्या डब्यांवर बोट ठेवा, एखादा कोमट लागला तर तोच.

मीटर नसेल तर जुनी पद्धत आहे. मायनस वायर सोडवायची आणि मध्ये बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब जोडायचा. बल्ब लख्ख पेटला तर गळती मोठी. पण अर्ध्या अँपिअरच्या आतली गळती बल्ब धड दाखवत नाही, तेव्हा बल्ब पेटला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

गळती सापडल्यावर एक काम बाकी राहतं, बॅटरी नीट भरणं. धक्का मारून गाडी चालू केली आणि घोडेगावहून शिंगणापूरला जाऊन आलं, पाच-सहा किलोमीटर जायला, तेवढेच यायला, की बॅटरी भरली असं होत नाही. तीस एएच रिकामे झालेत, अर्ध्या तासात ते कसे भरणार? बॅटरीच्या दुकानात चार्जरला लावा, सावकाश, तीन-साडेतीन अँपिअरनं, आठ-दहा तास. रिकामी बॅटरी तशीच दिवसेंदिवस ठेवली की पट्ट्यांवर कडक पांढरा थर बसतो, मग कितीही भरा, ती पहिल्याइतकं धरत नाही. त्या गटाची पहिली बॅटरी अशीच गेली असणार. भोंग्यानं तिला वारंवार तळापर्यंत उपसलं, आणि गॅरेजनं बघितली तेव्हा ती खरंच मेलेली होती. म्हणून ‘बॅटरी गेली’ हे गॅरेजचं बोलणं खोटं नव्हतं. ती का गेली हे कुणी विचारलं नाही, एवढंच.

तेव्हा पुढच्या वेळी बॅटरी बदलायला सांगितलं की पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी करून मागा. बॅटरी भरून मग लोड टेस्ट, म्हणजे ती खरंच खराब आहे की नुसती रिकामी, ते कळतं. बॅटरीची दुकानं हे सहसा फुकट करून देतात. आणि बंद गाडीचा करंट अँपिअरमध्ये मोजून कागदावर आकडा. ‘चेक केलंय’ हे उत्तर नाही, आकडा हे उत्तर. नवी घेतलीच तर वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का त्याच वेळी घ्या, पक्कं बिल घ्या.

ट्रॅक्टर किंवा गाडी महिनाभर उभीच राहणार असेल, कांदा निघाल्यावर ट्रॅक्टर उभाच राहतो बहुतेकांचा, तर मायनसची वायर सोडून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, बाकी काही नुकसान नाही.

आणि जुनी बॅटरी घरात, गोठ्यात ठेवू नका. आतलं शिसं विषारी असतं, लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. भंगारवाला ती फोडून आम्ल ओढ्यात ओततो, शिसं चुलीवर वितळवतो. ते बघत मुलं उभी असतात. बॅटरीच्या कचऱ्याचे केंद्र सरकारचे २०२२ चे नियम आहेत. जुन्या बॅटऱ्या परत गोळा होऊन रीतसर कारखान्यात जातील ही जबाबदारी त्यांत बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलीय. नवी घेताना जुनी दुकानात द्या, तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. शिशाला भाव असतो, फुकट देऊ नका. वजा झालेली रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या, म्हणजे व्हाउचरला लागेल.